नाव देवासला सापडलं

मी इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयुष्मान मित्र आहे, म्हणजे आयुष्मान भारत या सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं काम बघणारा. रिसेप्शनच्या बाजूला कोपऱ्यात एक काउंटर असतो, मागे योजनेचं बॅनर, पुढे कॉम्प्युटर, अंगठ्याचं मशीन आणि सदा चार-पाच माणसं उभी, तो माझा. पेशंटचं कार्ड आहे का, नसेल तर निघेल का, उपचार पॅकेजमध्ये बसतो का, मंजुरी आली का, हे सगळं माझ्याकडे येतं. इंजेक्शन सोडून सगळं, असं आमच्या सिस्टर म्हणतात.

लोकांचा एक पक्का समज असतो की गरिबी सिद्ध केली की कार्ड मिळतं. लोकसेवा केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढतात, लॅमिनेट करून आणतात. मी तो हातात घेतो, वाचतो आणि परत देतो. आमच्याकडे उत्पन्न कुणी विचारतच नाही. 23 सप्टेंबर 2018 ला योजना सुरू झाली तेव्हा 2011 ची सामाजिक-आर्थिक आणि जातीय जनगणना आधाराला घेतली. शहरात कामावरून 11 प्रकार ठरले: धुणीभांडी करणारी बाई, फेरीवाला, गवंडी, शिंपी, ड्रायव्हर, दुकानातला नोकर, वॉचमन वगैरे. पुढे मध्य प्रदेशने त्यात रेशनची पात्रता पर्ची असलेली आणि संबलमध्ये, म्हणजे असंघटित मजुरांसाठीच्या राज्याच्या योजनेत, नोंद असलेली कुटुंबं घातली. यांपैकी एखाद्या यादीत नाव असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, भरती होऊन, एक पैसा न भरता. नसेल तर खिसा रिकामा असूनही मी काही करू शकत नाही. थोडक्यात, अर्ज करून पात्र होता येत नाही. आधीपासून पात्र असावं लागतं, आणि आपण आहोत हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

त्या शनिवारी आलेले काका मात्र निर्धास्त होते. रामबागेत दोन खोल्या भाड्याने, वय त्र्याहत्तर, पांढरा लेंगा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी स्वतःचं वय वंदना कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. ''तुझ्या काकूंना आयसीयूत घेतलंय. हे घे बेटा, कार्ड आहे आपल्याकडे.''

काकू सकाळी पोळ्या लाटता लाटता भोवळ येऊन पडल्या होत्या. चार घरी पोळ्यांची कामं, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी. नाडी मिनिटाला चौतीस. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला इशारा खाली पोचतच नव्हता. डॉक्टरांनी मानेतून तात्पुरती वायर घालून ठोके सांभाळले होते, पण दोन-तीन दिवसांत कायमचा पेसमेकर बसवणं भाग होतं.

काकांना सांगणं जड गेलं. सत्तरी ओलांडलेल्यांना 29 ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता हे कार्ड मिळतं, हे खरं. पण ते फक्त सत्तरी ओलांडलेल्याचंच. काकू सहासष्टच्या.

''नवऱ्याच्या कार्डावर बायको नाही?'' काका म्हणाले. ''हे कुठलं शास्त्र?''

शास्त्र मी केलेलं नाही, पण ऐकून मला घ्यावं लागतं.

काकूंचं आधार टाकून पाहिलं, काही नाही. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारकडची कुटुंबाची नोंद, उघडला. आठ आकडी कुटुंबाचा नंबर निघाला, त्यात काका, काकू, मुलगा, सून, नातू. पात्रता पर्ची नाही. संबल नाही. वॉर्डात संबलचं शिबिर लागलं तेव्हा फॉर्म का भरला नाही, विचारलं, तर काका ताठ झाले. ''मजूर थोडेच आहोत आपण?'' मराठी मध्यमवर्गाची ही ऐट मला चांगली माहीत आहे, माझ्याही घरात आहे. महिनाअखेरीस दूधवाल्याला चुकवतील, पण फॉर्मवर श्रमिक लिहायचं नाही.

एव्हाना मुलगा आला. क्लॉथ मार्केटात एका दुकानी थान उचलतो आणि गिऱ्हाइकाला माल दाखवतो. बिलिंगवाल्यांनी त्याला डिपॉझिटचा आकडा सांगितला होता आणि बायकोच्या बांगड्या घेऊन सराफ्यात जायची त्याची तयारी चालली होती. मी त्याला बाजूला घेतलं. आज रोख भरलेस आणि उद्या कार्ड निघालं, तर भरलेले पैसे योजना परत देत नाही; ही कॅशलेस आहे, बिल दाखवून पैसे परत मिळायची सोय नाही. संध्याकाळपर्यंत थांब म्हटलं. बिलिंगच्या मॅडमनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती इथे लिहीत नाही.

मग माझा नेहमीचा प्रश्न. ''2011 साली कुठे राहत होतात?''

काका गप्प. आधी म्हणाले, इथेच. मग, इथेच म्हणजे, जवळपास. मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, ''बाबा, आपण मामाकडे नव्हतो का, देवासला?''

काका छापखान्यात जुळारी होते. छापखाना बंद पडला, भाडं थकलं, आणि बिऱ्हाड उचलून ते दोनेक वर्षं देवासला मेव्हण्याच्या घरी राहिले. पंधरा वर्षं झाली असतील, पण मेव्हण्याच्या पंगतीला बसून काढलेली ती दोन वर्षं काकांना अजून घशाखाली उतरत नव्हती. मी मात्र मनात खूष झालो. मेव्हणे शिंपी होते.

जिल्हा देवास, शहरी भाग, कुटुंबप्रमुख म्हणून मेव्हण्यांचं नाव. पोर्टल नेहमीप्रमाणे दोनदा लटकलं, मग कुटुंब उघडलं. मेव्हणे, त्यांची बायको, दोन मुलं. खाली काका, आडनावातल्या ळ चा ल झालेला. मुलगा, तेव्हाचं वय बरोबर. आणि या दोघांच्या मध्ये एक बाई, वय काकूंच्या वयाशी जुळणारं, पण नाव वेगळंच.

''ही कोण?'' काकांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ तोंड नेलं. मग हसले. त्या दिवसातलं पहिलंच हसू. ''अरे, हे तिचं माहेरचं नाव. लग्नात आम्ही बदललं. तिचे दादा अजून त्याच नावाने हाक मारतात.''

झालं असं असणार की मोजणीवाला दारात आला, मेव्हण्यांनी मशीनवरून मान वर न करता घरातली माणसं सांगितली आणि बहिणीचं नाव तोंडात होतं तेच सांगून टाकलं. आपल्याकडच्या कितीतरी बायका अशा दोन नावांनी सरकारदरबारी नांदतात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर एक. या भानगडीत मी याआधीही पुष्कळदा अडकलोय.

यादी आणि आधार यांची नावं पुरेशी जुळली तर कार्ड लगेच मंजूर होतं, नाहीतर वर तपासणीला जातं. हे जुळणारच नव्हतं. मुलाला घरी पिटाळलं: आईचा शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, आणि येताना जिल्हा कोर्टाच्या बाहेरून दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं नोटरीचं शपथपत्र.

मधल्या वेळात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून माणसाची ओळख पटवणं. ओटीपी ज्या नंबरवर जायचा तो नंबर रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद. मशीन घेऊन आयसीयूत गेलो, तर पोळ्यांच्या तव्याने बोटं अशी गुळगुळीत झालेली की एकही ठसा उमटेना. राहिला चेहरा. सिस्टरनी ऑक्सिजनचा मास्क घटकाभर बाजूला केला, मी मोबाइल धरला. गोलात चेहरा आणा, डोळे मिचकवा, असं ॲप सांगतं. काकूंना वाटलं फोटो काढतोय. त्यांनी डोळे ताणून उघडे ठेवले आणि मानेला वायर असतानाही हाताने केस सारखे करायला लागल्या. ''काकू, डोळे मिचकवा.'' ''अशाने फोटो बिघडतो रे.'' तिसऱ्यांदा ॲपने हिरवी टिक दिली.

तिथेच मी त्यांना सांगितलं की नाव देवासला सापडलंय, दादांच्या कुटुंबात. वाटलं होतं, बरं वाटेल. त्यांनी मास्क पुन्हा खाली ओढला.

''मग नको.''

कारण त्यांना माझ्याआधी कळलं होतं. पाच लाख माणशी नसतात, अख्ख्या कुटुंबाचे मिळून असतात. आणि दादांचं त्याच कार्डावर आठवड्याला दोनदा डायलिसिस चालू होतं. ''त्याच्या तोंडचं काढून मी घेऊ?''

खाली येऊन शिल्लक पाहिली. त्या वर्षाचे साडेतीन लाखांच्या वर उरले होते, वर्ष संपलं की खातं पुन्हा भरणार होतं, आणि पेसमेकर जाऊनही दादांच्या डायलिसिसला पुरून उरत होतं. हे सगळं कागदावर मांडून मी वर नेलं, पण काकूंना हिशेब नको होता, दादा हवे होते. मुलाने फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी खोकला, मग त्या माहेरच्या नावाने हाक, आणि लगेच खरडपट्टी: ''माझ्या घरात तुझं नाव मीच लिहिलंय, तू कोण खोडणारी?'' काकू काही बोलल्या नाहीत. मॉनिटरवर वायरच्या तालावर ठोके चालले होते.

सोमवारी दुपारी कार्ड मंजूर झालं. पेसमेकरच्या मंजुरीला मात्र वरून शंका आली: वायर घालण्याआधीचा ईसीजी पाठवा. आमच्याकडचा होता तो वायर घालतानाचा. पहिला ईसीजी गल्लीतल्या डॉक्टरांनी काढला होता आणि ती गुळगुळीत कागदाची पट्टी मुलाच्या शर्टाच्या खिशात चौघडी होऊन बसली होती, घामाने कडा काळ्या पडलेली. उजेडाला धरून फोटो काढला. रेषा दिसत होत्या. दोन तासांत मंजुरी आली, आणि संध्याकाळी पेसमेकर बसला. त्याच्या डब्यावरचं नंबरचं स्टिकर ऑपरेशन थिएटरातून आठवणीने मागून घ्यावं लागतं, नाहीतर क्लेम अडकतो. ते फाइलला चिकटवलं, नंतरचा छातीचा एक्स-रे लावला, आणि माझ्यापुरतं काम संपलं. घरी जाताना पंधरा दिवसांची औषधंही योजनेतूनच मिळाली, यावर काकांचा विश्वास बसेना. ते बिलिंगच्या खिडकीशी दोनदा विचारून आले.

मुलगा हुशार. डिस्चार्जच्या दिवशीच त्याने विचारलं, माझी बायको आणि पोरगा या कार्डात जोडता येतील का? येतात. कुटुंबात सदस्य जोडायची सोय आहे, लग्नाचा आणि जन्माचा दाखला लागतो. मी कागद सांगितले.

दुसऱ्या दिवशी देवासहून मामींचा फोन. ''तुम्हीच का ते कार्डवाले? माझ्या घरात अजून कोणाकोणाला बसवताय? नणंदेबद्दल काही म्हणणं नाही. पण आता सून, मग नातू, मग सुनेचं माहेर? यांचं डायलिसिस आहे, कोणी आम्हाला विचारणार की नाही?''

मामींचं काही चुकत नव्हतं. मुलाला निरोप दिला की आधी देवासला जाऊन या, मामींशी बोला, मग अर्ज टाकू. अजून तरी तो कागद घेऊन आलेला नाही.