पिंगुळीची पोथी आणि आमची पावत्यांची वही

कोकणात जायचं ठरलं तेव्हा लेकीने ऑनलाइन स्क्रॅपबुकचा संच मागवला. जाड काळी पानं, चकचकीत टेपा, सोनेरी पेन आणि स्टिकर. स्टिकरांवर आयफेल टॉवर, गरम हवेचा फुगा, पासपोर्ट आणि डोनट. आम्ही निघालो होतो कुडाळला. सोबत सासूबाई, म्हणजे पासपोर्ट कधी काढलाच नाही आणि डोनटला "भोकाचा पाव" म्हणणाऱ्या. मी संच उलटापालटा करून पाहिला. होडी नाही, माड नाही, बांगडा तर नाहीच.

असली सजवलेली पुस्तकं मला मुळातच फारशी आवडत नाहीत. पान इतकं नटवतात की त्या दिवशी काय झालं ते लिहायला जागाच उरत नाही.

सासूबाईंनी मात्र सवयीने स्वतःची लांब, लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही घेतली. लग्न झाल्यापासून प्रत्येक प्रवासाचा खर्च त्या अशाच वहीत लिहीत आल्या आहेत. 1987च्या अष्टविनायकाची वही अजून कपाटात आहे. "रांजणगाव, रस 5 ग्लास. गाडी बंद. पोरं रडली." बस, एवढंच. त्याच प्रवासाचे फोटो एका चिकट पानांच्या, वर प्लास्टिकच्या अल्बममध्ये आहेत. फोटो पानाला असे धरून बसलेत की सोडवायला गेलं तर फाटतील, आणि रंग विटकरी झालाय. त्यातल्या एका फोटोत सासऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून एक टोपीवाला गृहस्थ हसतोय. तो कोण, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. नवरा म्हणतो गाडीचा ड्रायव्हर असेल. सासूबाई म्हणतात, "ड्रायव्हर एवढा जाड नव्हता." सासरे आता नाहीत, त्यामुळे विषय तिथेच संपतो.

आगगाडीचा प्रवास छान झाला, इतकंच सांगते. चिकटवायला तिकीट मात्र नव्हतं. आरक्षण मोबाइलवर, टीसीने नुसतं नाव विचारलं. पूर्वीचं ते पुठ्ठ्याचं, तारखेचा ठसा उमटवलेलं तिकीट असतं तर पहिल्या पानाचा प्रश्न सुटला असता. भाच्याने मेसेजचा स्क्रीनशॉट छापून लावू म्हटलं, त्याला सगळ्यांनी गप्प केलं.

मालवणात गर्दी होती. धक्क्यावर होडीसाठी ऊन खात उभं राहावं लागलं आणि पुढे उभे असलेले लोक रांगेतूनच रील करत होते. सिंधुदुर्ग किल्ला पाहून मात्र सगळं विसरायला झालं. 1664मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला तट, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहताना सासूबाई चपला काढून उभ्या राहिल्या. त्यांच्या वहीतली नोंद अशी: "किल्ला. होडी. शहाळी 4. पाणी खरंच गोड आहे का ते कोणी चाखू दिलं नाही."

पण मला लिहायचंय ते पिंगुळीबद्दल. कुडाळपासून जवळच हे गाव. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला इथे जपली गेली आहे. पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आहे. मी गेले ते "बघून येऊ, अर्धा तास" अशा बेताने.

चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, की झालं एक पान. एका पोथीत एकच आख्यान, रामायणातलं किंवा महाभारतातलं. मोठाले डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, बाण सुटलेला, रथ उधळलेला. त्यावर अक्षर नाही. मी विचारलं, "मग गोष्ट कुठे लिहिलीय?" दाखवणाऱ्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला. वीणा, टाळ आणि हुडुक वाजवत गोष्ट गायची आणि गाता गाता पानं उलटायची, अशी ही रीत. गाणारा नसेल तर पोथीत नुसती माणसं दिसतात. कोण कोणावर रागावलंय आणि का, ते कळायला मार्ग नाही.

मला तो टोपीवाला आठवला, आणि त्यापाठोपाठ माझ्या फोनमधले हजारो फोटो. त्यांची गोष्ट आज माझ्या गळ्यात आहे, ठीक आहे. पुढे? क्लाउडमध्ये चित्रं राहतील. "हे आजीने नाक का मुरडलंय" हे तिथे कोण सांगणार? सगळे बाहुल्यांकडे गेले, मी तिथेच रेंगाळले. अर्ध्या तासाचे दोन तास झाले आणि नवरा बाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता.

त्या रात्री उतरलो होतो तिथे वीज गेली. तिथल्या काकींनी बांगड्याचं तिरफळं घातलेलं सार वाढलं, आणि जेवण झाल्यावर मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. फोन बंद. एकच वही, सासूबाईंचीच, कारण काळ्या पानावर बॅटरीच्या उजेडात काही दिसेना. प्रत्येकाने होडीतल्या दहा मिनिटांबद्दल लिहायचं. भाच्याने लिहिलं, मामा घाबरला. मामाने लिहिलं, भाचा घाबरला. लेकीने लाटेचं चित्र काढलं. काकी डोकावून म्हणाल्या, "काय लिवतास?" मग आमच्यात येऊन बसल्या आणि साराची कृती सांगू लागल्या. सासूबाईंनी ती होडीच्या खर्चाखालीच उतरवली, "तिरफळं 7-8, ठेचायची, वाटायची नाहीत" अशी.

सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा पाहिल्या. गोल पत्ते, दशावतारी गंजिफेचे 120, दर अवताराचे 12. लेक मत्स्यावतारापाशी अडकली आणि तिथेच वहीत काढत बसली. मासा जरा बोंबलासारखा झालाय. बाकीच्या दिवसांत समुद्र आणि जेवण.

घरी आल्यावर पावत्या काढल्या तर उन्हात राहिलेलं हॉटेलचं बिल काळं पडलेलं. हा कागद उष्णतेवर छापतात, म्हणून ऊन लागलं की काळा होतो, आणि नुसता ठेवला तरी अक्षरं हळूहळू पुसट होतात. त्यामुळे बिलाचा मजकूर पेन्सिलीने उतरवून ठेवायचा. शिसपेन्सिल उडत नाही, सोनेरी पेनाचं मी सांगत नाही. सेलोटेप तर लावूच नका, पिवळी पडून सुटते आणि डाग सोडते. सासूबाईंनी मैद्याची खळ शिजवली. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही; विषारी असतं, मुलांना हात लावू दिला नाही. लेकीला तिरफळसुद्धा चिकटवायचं होतं. त्यावर आजी म्हणाली, "किड्यांना आमंत्रण देतेस का?"

फोटो मोजकेच छापले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर नाही तर शेजारी, वहीतच, नावं लिहायला लावली. रिक्षावाल्याचंसुद्धा. ते नवऱ्याने लिहिलं, पुढे कंसात "जास्त घेतले". स्टिकरांपैकी एकच वापरलं गेलं. सासूबाईंनी स्वतः निवडून गरम हवेचा फुगा चिकटवला, किल्ल्याच्या पानावर. का, ते विचारलं तर म्हणाल्या, "छान आहे की." लेकीने ताबडतोब खाली ओळ लिहिली: हा फुगा मालवणात नव्हता, आजीला आवडला.

होडीत घाबरलं कोण, याचा निकाल अजून लागलेला नाही. भाच्याने फोनवरून कळवलंय की वहीतलं मामाचं वाक्य खोडल्याशिवाय तो दिवाळीला येणार नाही. मामा म्हणतो, वहीत खाडाखोड चालत नाही.