सात इंची शेगडा

वाईच्या घराची माडी उतरवली तेव्हा जुन्या सागवानाच्या सहा फळ्या आणि एक तुळई मी पुण्याला आणली. पुस्तकांचं कपाट करायचं होतं. करवत, रंधा, पटाशी, गुण्या सगळं होतं. फळी धरायला मात्र काहीच नाही; दोन जबड्यांत आवळून धरणारा शेगडा, म्हणजे व्हाइस, नव्हता. कडेवर रंधा मारायचा तर बायकोने एक टोक दाबून धरायचं आणि मी ढकलायचं, असं दोन रविवार चाललं. तिसऱ्या रविवारी तिने हात जोडले.

बोहरी आळीत जाऊन "शेगडा द्या" म्हटलं. दुकानदाराने पुढे केला तो फिटरचा, ४ इंची. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असलाच पाहिलेला, म्हणून घेऊनही आलो. पहिली फळी आवळली, सोडली, तर दोन्ही अंगांवर जाळीसारखे चरे. लोखंड निसटू नये म्हणून त्याच्या जबड्यांना मुद्दाम दाते असतात. सागवानाची काय कथा! मधे लाकडाचे तुकडे घातले, तर आवळेपर्यंत ते खाली पडायचे. शिवाय हा शेगडा टेबलावर उभा राहतो, त्यामुळे लांब फळी अधांतरी. रंधा टोकाकडे गेला की डुगडुग.

शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम करणारे मिस्त्री बघायला आले. ते स्वतः जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून काम करणारे. म्हणाले, "साहेब, हा लोखंडाचा. तुम्हाला सुतारकामाचा पाहिजे, टेबलाच्या खालून बसतो तो. आणि टेबल कुठंय?" टेबल म्हणजे माझं १८ मिलिमीटर प्लायचं. ते बघून मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त हाताने हलवून पाहिलं.

कपाटाच्या मापातून तुळई वजा झाली. चिरून, जोडून टेबलाला २ इंच जाडीचा माथा केला आणि मग पुन्हा बोहरी आळी.

या खेपेला दुकानदाराचा अर्धा तास खाल्ला. जबडे हळूहळू मिटवायचे: वरची कड आधी टेकली पाहिजे आणि खाली केसभर फट राहिली पाहिजे. आवळताना पुढचा जबडा वरून किंचित बाहेर झुकतो, तेव्हा ती फट भरून निघते. एक शेगडा नेमका उलटा निघाला, खाली टेकलेला आणि वर उघडा. तो बाजूला ठेवला. मग ४ इंच उघडून पुढचा जबडा हलवून बघायचा. खडखडला तर नको. ९ इंची खटक्याचाही होता. खटका दाबला की नट आट्यांतून सुटतो आणि जबडा सरळ ओढता येतो, फिरवत बसावं लागत नाही. किंमत जवळजवळ दुप्पट. माझ्या फळ्या सगळ्या इंचभर जाडीच्या, दरवेळी कितीसं उघडणार? साधा ७ इंची घेतला. मनगट दुखतं तेव्हा तो खटका अजून आठवतो.

बसवताना खाली पॅकिंग दिलं, म्हणजे लोखंडी कड माथ्याच्या जरा खाली राहिली; नाहीतर रंध्याचं पातं तिच्यावर आपटायचं. मागचा जबडा माथ्याच्या कडेत खाच मारून आत घेतला. त्यावरची लाकडी अस्तरपट्टी आणि टेबलाची कड एका रेषेत आली, तेव्हा कुठे ३ फुटी फळी सगळ्या लांबीने टेकली. दोन्ही अस्तरांचे स्क्रू खोल बुडवले.

तरी पहिल्याच डोव्हटेलला, म्हणजे फळ्यांच्या टोकांना दाते कापून करायच्या सांध्याला, फसलो. ९ इंच रुंद फळी उभी धरायची, तर मधे आट्याचा दांडा, म्हणजे जबडा आवळणारा स्क्रू, आणि शेजारी दोन सळ्या. म्हणून ती एका बाजूला सरकवली. तिकडून दाब आल्यावर जबडा तिरका झाला आणि करवत लागताच फळी घसरली. मी वेड्यासारखा आणखी आवळत होतो. उपाय होता दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा ठोकळा घालणं. अशा कामासाठी दोन आट्यांचा शेगडाही असतो, १७व्या शतकातल्या जोसेफ मॉक्सन या इंग्रजाच्या नावाने ओळखला जाणारा. त्यात फळी दोन आट्यांच्या मधे उभी राहते. दोन आटे मिळाले तर घरीही करता येतो. आधी कपाट होऊ दे.

तोवर वेगवेगळ्या जाडीचे ठोकळे, पेन्सिलीने मापं लिहून, टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेत. पाऊण इंची कालपासून गायब होता. बाल्कनीच्या दाराखाली सापडला, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.