जिन्याखालचा काउंटर

ट्रॅक्टर विकला की फोटो काढतात. हार, नारळ, पेढे, गिऱ्हाइकाच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी. ऑइल सील विकल्यावर कोण फोटो काढतो? औशाच्या आमच्या एजन्सीत सुट्या भागांचा काउंटर कित्येक वर्षं जिन्याखालीच होता.

डोळे उघडले ते 2016च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, अशा साली नवा ट्रॅक्टर कोण घेणार? पाडवा कोरडा गेला. पगार आणि बँकेचं व्याज मात्र थांबेना. हिशेब मांडला तेव्हा कळलं, शटर उघडतंय ते फिल्टर, क्लच प्लेट आणि हायड्रोलिकच्या सीलवर. गावोगावचे जुने ट्रॅक्टर पाण्याचे टँकर ओढत होते, आणि ते चालू ठेवणं भागच होतं.

मग एक वही घातली. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते सगळं त्यात लिहायचं. पोरं तिला ‘नाही-वही’ म्हणतात. पुन्हा पुन्हा त्याच नोंदी: मृगाआधी रोटाव्हेटरची पाती, कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या ओढून गेलेल्या क्लच प्लेटा. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण माल मागवायचो तो कंपनीची स्कीम बघून. त्या नादात घेतलेले, बंद पडलेल्या मॉडेलचे भाग अजून वरच्या रॅकवर धूळ खातायत.

दुसरा धडा एका मिस्त्रीनं दिला. “मालक, तुमचा माल ओरिजनल हाय, पण उद्या भेटतो. ट्रॅक्टर आज फडात उभा हाय.” तेव्हापासून गळीत हंगामात काउंटर रात्री दहापर्यंत उघडा असतो. भाग कोणता हे शेतकरी मिस्त्रीलाच विचारतो. त्यामुळे आमचं खरं गिऱ्हाईक मिस्त्री. तो मोडक्या भागाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, आम्ही एसटीनं पार्सल लावतो. उधारी बुडते कधीकधी, पण नव्या ट्रॅक्टरवर द्यावी लागणारी सूट धरली तर तरीही परवडतं.

सप्टेंबर 2025मध्ये ट्रॅक्टरच्या बऱ्याच भागांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5वर आला. गिऱ्हाईक खूश झालं. आमचा जुना माल मात्र 18 टक्के भरून आणलेला. ते निस्तरताना सीएच्या पायऱ्या झिजवल्या.

काउंटर आता दर्शनी भागात आलाय. त्यासाठी शोरूममधला एक नवा ट्रॅक्टर बाहेर काढावा लागला. पावसात भिजतो म्हणून दादा अजून कुरकुरतात.