'ळ' कुठं बसतो?

१ मे २०२५, गुरुवार

परवा शेवटचा पेपर झाला. काल दादा पुण्याला परत जाताना त्याचा जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात मारून गेला. "महिनाभरात पायथन शीक, मग पुढचं बघू." पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा. वहीच्या पहिल्या पानावर बेत लिहिलाय: पायथन पंधरा दिवस, मशीन लर्निंग पंधरा दिवस, पुस्तकं आठ. लिहिताना फार बरं वाटलं.

४ मे, रविवार

आत्याबरोबर भिलारला गेले. वाईत राहून इतकी वर्षं पसरणीचा घाट चढतोय, पण पुस्तकांच्या गावात उतरले नव्हते! २०१७ साली आजच्याच तारखेला ते सुरू झालं, हे तिथं गेल्यावर कळलं. लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकांची कपाटं आहेत, एका घरात कथा, दुसऱ्यात चरित्रं. मी एका ओसरीवर जयंत नारळीकरांचं आत्मचरित्र घेऊन बसले. आत घरच्या बाई कांदा चिरत होत्या आणि मी पुस्तकातल्या वाराणसीत.

लहानपणी त्यांचे मोरूमामा घरातल्या फळ्यावर 'जयंतसाठी आव्हान' म्हणून गणित लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत किंवा भाच्यानं हात टेकेपर्यंत पुसायचे नाहीत. साठाव्या पानाच्या आसपास आत्याची हाक आली. तिला उन्हं उतरायच्या आत घाट उतरायचा होता.

५ मे

तेच पुस्तक आमच्या वाचनालयात मिळालं. कार्डावर शिक्का मारता मारता ग्रंथपालकाकांनी विचारलं, "तू कॉम्प्युटरचं शिकतेस ना गं? आमची एक यादी उघडत नाही." फाईल उघडत होती, वाचता येत नव्हती. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्क्याची चिन्हं यांची नुसती मिसळ.

रात्री दादाला फोटो पाठवला. जुन्या फाँटची करामत आहे म्हणाला. त्या काळी फाईलमध्ये मराठी नसायचंच. आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असायचे आणि फाँट त्यांच्या जागी 'क' किंवा काना रंगवायचा. फाँट गेला की मराठीही गेली. तो फाँट कुठला होता ते वाचनालयात आता कुणालाच आठवत नाही, आणि टाईप करून देणाऱ्या दुकानाचं शटर कधीच पडलंय. थोडक्यात, रजिस्टर समोर ठेवून पहिल्यापासून टाईप करायचं. काकांना एका कपाटाचं करून देईन म्हटलं. एका कपाटात ६१२ पुस्तकं निघाली.

७ मे

दिवसभर युद्धाच्या बातम्या. आजी टीव्हीसमोरून हलली नाही. टायपिंग शून्य.

११ मे

पायथनला 'पुस्तक' या शब्दाची लांबी विचारली. सहा म्हणाला. मला वाटलं माझंच चुकलं. आजीला विचारलं तर तिनं बोटांवर मोजलं: पु, स्त, क. तीन. ओव्या म्हणून म्हणून तिचा कान तयार झालाय, ती चुकणार नाही.

पायथनही बरोबर होता. त्याच्या लेखी प, उकार, स, हलन्त, त, क अशी सहा चिन्हं ओळीनं ठेवलेली असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे आणि एकत्र जोडून 'स्त' दाखवणं हे फाँटचं काम. ते क्रमांक फाईलमध्ये युटीएफ-८ या पद्धतीनं साठवले की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन मापं लागतात, म्हणजे 'पुस्तक' अठरा बाइटांचं. इंग्रजी अक्षराला एकच पुरतो. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मराठी वजनदार झाली की!"

१६ मे

टायपिंगमध्ये सगळा वेळ जातो याला कारण टायपिंग नाही. नाव टाईप केलं की पुस्तक काढून बघावंसं वाटतं, बघितलं की दहा पानं जातात. आज दिवसात अकरा नोंदी. काका काही बोलत नाहीत, पंखा माझ्याकडे वळवून देतात.

'दऱ्या' शोधलं तर एकच पुस्तक सापडलं. दोन आहेत हे मला पक्कं माहीत होतं, मीच टाईप केली होती. निम्मा दिवस डोकं फोडल्यावर कळलं की हा वाकडा 'र' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. एक मी लॅपटॉपवर टाईप केलं होतं, दुसरं मोबाईलवरून पाठवलं होतं. ते न दिसणारं चिन्ह दिसायला लागेपर्यंत माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता.

२० मे, मंगळवार

सकाळी बातमी आली, नारळीकर गेले. पुस्तक उशाशीच होतं, केंब्रिजच्या भागात खूण घातलेली.

वाचनालयात गेले. काकांनी त्यांची पुस्तकं काढून टेबलावर मांडली होती. म्हणाले, "यांची पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या नावानं आली होती, माहितेय?" मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती टोपणनावानं, जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. नाव बघून बक्षीस दिलं असं कुणी म्हणू नये, याची केवढी ही खटपट! आज टाईप काहीच केलं नाही. टेबलाशी बसून वाचत राहिले.

२६ मे

मे महिना आहे यावर विश्वास बसत नाही, नुसता कोसळतोय. मुंबईत पाऊस आजच दाखल झाला म्हणे. लाईट येते-जाते, लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं टिकते.

६१२ झाली! यादी अकारविल्हे लावायला एक ओळ पुरते, लावून काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "'काळ' 'काव्य'च्या आधी कसा? 'क्ष' कुठंय?"

'क्ष' 'क'च्या शेपटाला सापडला, कारण यंत्रासाठी तो क, हलन्त आणि ष. 'ज्ञ' तसाच 'ज'च्या शेवटी. आणि 'ळ'? शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असं घोकलं, पण युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' 'ल'ला चिकटून बसलाय, 'व'च्या आधी. तो तक्ता इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतलेला, सगळ्या लिप्या एकाच साच्यात बसवणारा. तमिळचा 'ऴ'सुद्धा तिथं शेजारीच आहे. सोय म्हणून ठीक, पण आमच्या रजिस्टरला ते मान्य नाही आणि मी रजिस्टरच्या बाजूनं आहे.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ळ कुठं बसतो?' सुटेपर्यंत पुसायचं नाही. (आईनं त्याखाली दूधवाल्याचा हिशेब लिहिला.)

२९ मे

सुटलं! सगळी अक्षरं मला हव्या त्या क्रमानं एका ओळीत लिहिली, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना आधी एकेका चिन्हात बदललं आणि क्रम लावताना यंत्राचे नाही तर माझे क्रमांक वापरायला सांगितले. यादीत नसलेलं चिन्ह सगळ्यात शेवटी. एकूण सतरा ओळी. दादाला दाखवलं तर म्हणाला, याची तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, मिळते. महिनाभर गप्प होता, हे आत्ता सांगतोय.

मशीन लर्निंगचं एक पानही झालं नाही. पुस्तकं आठऐवजी पाच, त्यातलं एक अर्धं.

३१ मे, शनिवार

छापील यादी काकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पहिल्या पानापासून बोट फिरवत वाचली. 'काव्य', मग 'काळ'. मान हलवली. 'क्ष'ची पुस्तकं शेवटाकडे, 'ज्ञ'ची त्यांच्या मागे. मी हाताची घडी घालून उभी.

शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. 'ज्ञ'च्याही मागे, 'ॲ'नं सुरू होणारं एकच पुस्तक.

"हे बिचारं इथं का बसलंय गं?"

'ॲ' माझ्या ओळीत घालायचा राहिला होता. युनिकोडमध्ये तरी तो २००८ साली आला, मी मे २०२५ मध्येही विसरले. लॅपटॉप उघडला. बॅटरी नऊ टक्के.