लवणीतला ठिपका

आमच्या न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये रोजचं काम म्हणजे हाडांचे स्कॅन, थायरॉइड, किडनी. मेलानोमाचा, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरचा, पेशंट नाशिकमध्ये क्वचितच येतो, म्हणून ही आजी लक्षात राहिली.

निफाडकडची, सगळा जन्म द्राक्षबागेत अनवाणी गेलेला. डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला काळा डाग होता, काटा मोडलाय म्हणून वर्षभर सुईने टोकरत बसली, मग गावात कुणीतरी कुरूप म्हणून कोरून पण दिलं. आपल्याकडे हा कॅन्सर असा तळपायालाच जास्त दिसतो, उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच येत नाही. शेवटी बायोप्सी झाली आणि कळलं.

आमच्याकडे आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. कॅन्सर पसरलाच तर सगळ्यात आधी कुठल्या गाठीत जाईल ते आम्ही शोधून द्यायचं, तिला सेंटिनल नोड म्हणतात. डागाभोवती चार ठिकाणी टेक्नेशियम या किरणोत्सारी औषधाची सुई टोचायची, ते लसिकेच्या (अंगातल्या गाठींकडे वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाच्या) वाटेने वर सरकतं आणि गॅमा कॅमेऱ्यावर दिसतं. टाचेची कातडी म्हणजे चप्पलच, सुई आत जाईना. आजी दात-ओठ खात म्हणाली, "दादा, त्यो काटा बरा होता रं."

फॉर्मवर लिहिलेलं 'डावी जांघ'. पायाची लसिका जांघेतल्या गाठीत जाते हे सगळ्यांना पाठ, म्हणून मी कॅमेरा सरळ जांघेवरच लावला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, काहीच नाही. औषध नीट गेलंच नाही की काय म्हणून कॅमेरा खाली घेतला तर गुडघ्यापाशी एक ठिपका, चांगला ठळक.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, सांडलं! सुईचा एखादा थेंब उडाला की असाच ठिपका दिसतो. चादर बदलली, पाय स्पिरिटने पुसला, ग्लोव्ह्ज टाकून दिले, परत घेतला. ठिपका तिथेच. मग आडवा व्ह्यू घेतला तेव्हा दिसलं की तो कातडीवर नाहीच, आत आहे, गुडघ्याच्या मागे, आणि टाचेपासून पोटरीच्या मागून एक बारीक रेघ थेट त्याच्यापर्यंत गेलीय.

टाच आणि पायाची बाहेरची कड यांच्या लसिकावाहिन्या कधीकधी पोटरीमागच्या शिरेच्या जोडीने गुडघ्यामागच्या गाठीत उतरतात, हे शिकलो होतो, पण इतक्या वर्षांत समोर पहिल्यांदाच बघत होतो. पाठीच्या केसमध्ये तर याहून गंमत, एका बाजूचा डाग दोन्ही काखांत जातो, कधी मानेत. सापे नावाच्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकात प्रेतांमध्ये पारा सोडून शरीरावर हद्दी आखल्या होत्या, कंबरेच्या वर काखेत आणि खाली जांघेत, ते या स्कॅनने पार मोडीत काढलं.

अर्ध्या तासाने जांघेत पण एक फिका ठिपका आला. दोन्हीकडे मार्करने फुल्या मारल्या. मागची फुली मारताना आजी म्हणाली, "लवणीत काय हाय आता?" आम्ही रिपोर्टात 'पॉप्लिटियल' लिहितो आणि तिच्याकडे त्याला साधा शब्द तयार होता.

सर्जनना फोन केला तर ते क्षणभर गप्प, मग म्हणाले, "बरं झालं आज सांगितलंस, आधी पालथं घ्यावं लागेल." टेबलावर उताणं झोपवून सगळी तयारी झाल्यावर गुडघ्यामागे हात घालणं सोपं नसतं.

दोन्ही गाठी काढल्या. आठवड्याने पॅथॉलॉजी आली. जांघेतली स्वच्छ, लवणीतल्या गाठीत कॅन्सरच्या पेशी. मी पुसायला निघालो होतो तोच ठिपका. तेव्हापासून पायाचा केस आला की मी टाचेपासूनच सुरू करतो, फॉर्मवर काही का लिहिलेलं असेना.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नातवाचा घाबरून फोन, आजीला लघवी हिरवी-निळी होतेय. सर्जन गाठ दिसावी म्हणून निळा डाय पण टोचतात, तो असा निघून जातो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मागून आजीचा आवाज आला, "त्याला इचार, फुली आता पुसू का?"