साडेबत्तीस लाख अक्षरांचा जंतू

माजी विद्यार्थी, दहावी 1986

शाळेच्या जयंतीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि पाठोपाठ आमच्या बॅचच्या एका मित्राचा फोन. "लिहिशील ते ठीक, पण तू नेमका करून काय राहिला इतके वर्षं, हे एकदा सांगून टाक ना बाप्पा. आमच्या पोरायले सांगताना पंचाईत होते." स्नेहसंमेलनाच्या आणि सहलींच्या आठवणी इतर जण माझ्याहून रंगवून लिहितीलच. मी आपला जंतूंबद्दल लिहितो. जंतूंचा डीएनए वाचणं हा माझा उद्योग.

त्यात शाळा येतेच. आपल्या वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या पोराला कुष्ठरोग पुस्तकात शिकावा लागत नाही. मनोहर दिवाणांनी 1936 साली दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं, सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करत, हे सगळं आजी-आजोबांकडून ऐकलेलं. आणि तेच आजी-आजोबा 'महारोग' हा शब्द आवाज खाली आणून उच्चारायचे.

आठवीत असताना कुष्ठरोग तंत्रज्ञ शाळेत तपासणीला आले. मुलांना शर्ट काढून व्हरांड्यात उजेडाकडे पाठ करून उभं केलं. फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला लावायचे, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचे आणि म्हणायचे, "कुठं लागलं? बोट ठेव." आमच्या रांगेतल्या एकानं बोट ठेवलंच नाही. त्याला काही लागलंच नव्हतं, आणि हीच कुष्ठरोगाची खूण. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकावर कुणी बसेना. विज्ञानाचे सर हजेरी घेऊन उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि तिथूनच तास घेतला. त्यावर एक शब्द बोलले नाहीत. तीन औषधं एकत्र देण्याचा नवा उपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी आला त्यांत वर्धा होता, हे त्याचं नशीब. तो ठणठणीत बरा झाला.

पुढं मी पुण्याला जीवशास्त्र शिकायला गेलो. 1995 च्या जुलैत 'सायन्स' नियतकालिकात हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला, छापून आला. स्वतंत्रपणे जगणाऱ्या कुठल्याही जीवाचा हा पहिला पूर्ण जीनोम, 18 लाख 30 हजार 137 अक्षरांचा. (नावात इन्फ्लुएन्झा असला तरी या जंतूनं फ्लू होत नाही. तो त्याच्यावर चुकून आलेला आळ, नावात तसाच राहून गेला.) क्रेग व्हेंटर आणि हॅमिल्टन स्मिथ यांच्या चमूनं सगळा डीएनए आधी अंदाधुंद फोडला, हजारो तुकडे वाचले आणि कुठला तुकडा कुठल्याशी जुळतो ते संगणकाला शोधायला लावलं. ही पद्धत जमणार नाही म्हणून परीक्षकांनी त्यांना सरकारी अनुदान नाकारलं होतं. नकाराचं पत्र आलं तोवर काम संपत आलं होतं. अनुदानाचे अर्ज लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांना ही गोष्ट फार प्रिय आहे.

पीएच.डी. नंतर इंग्लंडला गेलो तेव्हा याच पद्धतीनं जिवाणूंमागून जिवाणू वाचले जात होते. बाहेरून दिसतं ते यंत्र. ते रात्रंदिवस अक्षरं ओकत असतं. खरी मेहनत त्यानंतर. पडद्यावर चार रंगांचे उंचवटे एकापाठोपाठ एक येतात: ए हिरवा, सी निळा, जी काळा, टी लाल. सुरुवातीला सुटे, टोकदार; सात-आठशे अक्षरांनंतर एकमेकांत मिसळून नुसता गाळ. तिथं दोन 'जी' आहेत की तीन, हे माणसाला ठरवावं लागे. एक अक्षर कमीजास्त झालं की पुढचं अख्खं जनुक भलतंच वाचलं जातं. दहा हजार अक्षरांमागे एकापेक्षा जास्त चूक चालत नसे.

त्याहून वाईट म्हणजे पुनरावृत्त्या. आरत्या चालू असताना ध्रुवपद तेवढं कानावर पडलं तर कितवं कडवं चाललंय ते कळत नाही, तसं तेच ते तुकडे जीनोममध्ये जागोजागी येतात आणि संगणक दोन लांबच्या जागा खुशाल एकमेकींना जोडून टाकतो. अशा फटी बुजवण्यात महिनेच्या महिने जात. शोधनिबंधात त्याबद्दल एखादंच वाक्य असे.

2001 च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये मानवी जीनोमचा मसुदा आला. जगभर गाजावाजा झाला. बरोबर पुढच्याच आठवड्याच्या अंकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे स्ट्युअर्ट कोल आणि इंग्लंडमधल्या सँगर सेंटरची मंडळी यांनी कुष्ठरोगाच्या जंतूचा जीनोम प्रसिद्ध केला. त्याची बातमी कुणी केली नाही. मी त्या चमूत नव्हतो, पण माझं पुढचं आयुष्य त्या निबंधानं ठरवलं. माझ्या मते त्या दोन आठवड्यांतला जास्त विलक्षण निबंध हाच होता.

कारण हा जंतू 1873 साली नॉर्वेत हॅन्सन यांना दिसला, पण आजतागायत काचेच्या बशीत तो कुणालाच वाढवता आलेला नाही. उंदराच्या पंजात थोडासा वाढतो. भरपूर हवा असेल तर आर्मडिलो नावाच्या चिलखती प्राण्यात. या प्राण्याचं शरीर आपल्यापेक्षा थंड असतं, आणि जंतूला थंडावा आवडतो. म्हणून तर माणसातही तो नाक, कान, हात, पाय गाठतो. वाचला गेलेला वाण मूळचा तमिळनाडूतल्या रुग्णाचा, आर्मडिलोत वाढवलेला.

आणि आत काय निघालं? क्षयाचा जंतू याचा जवळचा नातलग. त्याचा जीनोम 44 लाख अक्षरांचा, सुमारे चार हजार जनुकांचा, जवळपास सगळा कामाचा. कुष्ठरोगाच्या जंतूचा 32 लाख 68 हजारांचा, पण कामाची जनुकं जेमतेम सोळाशे. अकराशेहून अधिक जनुकं मोडकी, मधेच तुटलेली. माणसाच्या पेशीत बसून आयतं मिळायला लागल्यावर याची एकेक क्षमता गळत गेली असावी. तो बशीत का वाढत नाही, याचं उत्तर बहुधा या मोडतोडीतच आहे. नेमकं कुठल्या तुटीत, ते अजून सापडलेलं नाही.

नंतर वेगवेगळ्या देशांतले नमुने वाचले तर ते जवळपास एकसारखेच. युरोपातल्या मध्ययुगीन सांगाड्यांच्या हाडांतूनही याचा डीएनए निघाला, तोही आजच्याशी जुळता. 2016 मध्ये तर इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या लाल खारींमध्ये हाच जंतू सापडला. ती बातमी वाचून आईचा फोन आला होता, अंगणातल्या खारींचं काय करायचं म्हणून. आपल्या खारी वेगळ्या, हे तिला पटवायला बराच वेळ लागला.

माझं आत्ताचं काम त्या मानानं रुक्ष आहे. औषध घेऊनही रोग हटत नाही असा रुग्ण आला की जंतू औषधाला दाद देत नाही का, हे पाहायचं. पूर्वी त्यासाठी उंदराच्या पंजात जंतू सोडून महिनोन्महिने थांबावं लागे. आता त्वचेच्या कणभर नमुन्यातून तीन-चार जनुकं वाचली तरी काही दिवसांत कळतं: रिफाम्पिसिन या औषधासाठी आरपीओबी हे जनुक, डॅप्सोन या औषधासाठी फोलपी. नमुन्यात जंतू आहे की नाही हे ओळखायला आम्ही 'आरलेप' नावाचा तुकडा शोधतो. त्याच्या 37 प्रती जीनोमभर विखुरलेल्या आहेत. जुळवणाऱ्यांना ज्यानं छळलं असेल तोच तुकडा, प्रती भरपूर म्हणून चटकन सापडतो.

2005 च्या अखेरीस देशानं सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. लोकांनी मात्र 'संपला' असं ऐकलं. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात निघतात, आणि शाळांतल्या मुलांच्या पाठी अजून तपासाव्या लागतात.

जयंतीच्या कार्यक्रमाला मी येतो आहे. या जंतूचा सगळा जीनोम इंटरनेटवर फुकट ठेवलेला आहे. फाइल जेमतेम सव्वातीन एमबीची. शाळेच्या संगणक कक्षात एक तास मिळाला तर नववी-दहावीच्या मुलांना ती उघडून देतो आणि मोडकी जनुकं त्यांनाच शोधायला लावतो. संयोजकांनी त्या तासापुरती लाइट राहील एवढं बघावं.