पाणी सरले, भात झाला

परवा दुपारी ओसरीवर पेपर चाळत बसलो असताना आत ओट्यावर 'खट्' असा आवाज झाला आणि भात झाल्याचे, कोणी न सांगताच, घरातल्या सर्वांना कळले. आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या धानाच्या पट्ट्यात, हे कळण्याच्या खुणा पूर्वी वेगळ्या होत्या. झाकण थडथडू लागे, फेस उतू जाऊन निखारे फुसफुसत, घरभर वास सुटे, आणि तरीही अखेरचा निकाल आईच्या दोन बोटांचाच असे. ती पळीने एक शीत काढी, बोटांत दाबून पाही, आत कणी लागली तर गंज पुन्हा जाळावर जाई. त्या निकालावर अपील नव्हते.

विजेचा कुकर शीत पाहत नाही. १९५५ साली तोशिबा कंपनीने जपानात असा आपोआप बंद होणारा कुकर विकायला काढला. आज आमच्या ओट्यावर असलेल्या साध्या कुकरचे तंत्र असे, की भांड्यात पाणी आहे तोवर तळाचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहते, तांदळाने ते पाणी पिऊन टाकले की तापमान भराभर चढते, तळाशी असलेल्या लोहचुंबकाची पकड त्या उष्णतेने सुटते आणि खटका वर उडतो. हे सारे मी आईला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे पानी सरलं ते त्याले समजते. भात शिजला का नाही, ते नाही समजत." इतके नेमके वर्णन कुकरसोबत आलेल्या पुस्तिकेतही नव्हते.

तिचा संशय दिवाळीनंतर दरवर्षी खरा ठरतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, वर्षभर मुरलेल्याला जास्त, पण भांड्याच्या आत कोरलेल्या रेघेला दोन्ही सारखेच; रेघेवर विश्वास ठेवला की नव्या भाताचा गिचका ठरलेला. मग कितीही यंत्रे आली तरी कोणीतरी बोटाच्या पेरानेच पाणी मोजते. सोबत आलेला १८० मिलिलिटरचा प्लास्टिकचा पेला, पायलीची सवय असलेल्या आमच्या घरात, केव्हाच मिठाच्या बरणीत गेला आहे. आम्ही खातो तो एचएमटी तांदूळ. आमच्याच जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवड करीत हे वाण काढले आणि त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव त्याला दिले. घड्याळाच्या नावाचा हा तांदूळ ज्या कुकरात शिजतो त्यात घड्याळच नाही, याची मला उगीचच गंमत वाटते.

माझी खरी तक्रार पेजेबद्दल आहे. भात भरपूर पाण्यात उकळून पसवला जाई, तेव्हा खाली उतरलेली दाट, कोमट पेज मीठ घालून आम्हा पोरांना वाटीवाटीने मिळे आणि उरलेली वासराच्या घमेल्यात जाई. भाताचा गंज मग वैलावर मुरत राही, आणि जेवायला बसेपर्यंत शिते मोकळी झालेली असत. कुकर मोजून दिलेले सगळे पाणी भातातच जिरवतो. त्याच्या हिशेबात पेजेला जागाच नाही. वासरू आता नाही, पण वाटी घेऊन बसायला मी अजून तयार आहे. ही तक्रार मी जेवताना अधूनमधून मांडतो आणि वरण वाढले जाते.

एरवी ती नेटाने चालू ठेवली असती, परंतु रोवणीच्या दिवसांत मी गप्प असतो. जुलै-ऑगस्टात घरोघरच्या बाया सकाळपासून बांधीच्या चिखलात वाकून पऱ्हे लावतात, अंधार पडता पडता ओल्या लुगड्याने घरी येतात, आणि सरपण भिजलेले असले तर चुलीपुढे पुन्हा वाकून, डोळे चोळत, फुंकणीने फुंकत राहावे लागते. हल्ली त्या हातपाय धुऊन तांदूळ निवडतात, पाणी घालून कुकरचा खटका दाबतात आणि भिंतीला पाठ टेकून बसतात. मध्येच वीज गेली तरी उठत नाहीत, कारण खटका खालीच राहतो आणि वीज आली की भात पुढे शिजू लागतो. त्या दिवसांत गावातल्या एकाही बाईने माझ्यापाशी पेजेची आठवण काढलेली नाही.